पानावरची सासू आणि पानाबाहेरची आई

वाचक भगिनीचे पत्र (थोडे संक्षिप्त करून):

"माझे वय ४१. माझे बालपण पुण्यात गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेले. पानशेतच्या पुरात आजोबांचे नारायण पेठेतले बिऱ्हाड वाहून गेले आणि आमचे कुटुंब तिकडे आले. लग्न होऊन प्रभात रस्त्यावरच्या एका बंगल्यात आले, त्याला आता १६ वर्षे झाली. दोन्ही घरांची जात एकच आणि पत्रिकाही जुळली होती, त्यामुळे या लग्नात काही वेगळे आहे असे बाहेर कोणाला वाटले नाही. सासरी मला कोणी कधी वाकडा शब्द बोलले नाही, तरीही आपण इथे पाहुण्या आहोत हे रोज कशा ना कशातून कळत राहिले. याच विषयावर मी गेल्या चार वर्षांत २०० पानांची कादंबरी लिहिली आणि एका प्रकाशकांनी ती छापण्याची तयारी दाखवली आहे.

सध्या आमचा बंगला विकसकाला देण्याचे चालले आहे. सासरे मृत्युपत्र न करता गेले. नणंद हक्कसोडपत्रावर सही करायला तयार नाही, त्यावरून घरात ताण आहे. (माझ्या भावाने माहेरच्या घरासाठी मागितले तेव्हा मी एका शब्दाने न विचारता सही केली होती.) अशातच ७४ वर्षांच्या सासूबाईंना कादंबरीचा सुगावा लागला आणि त्यांनी ती वाचायला मागितली. यजमान म्हणतात, 'छाप, पण बंगल्याचे नाव बदल.' हस्तलिखित सासूबाईंना द्यावे का? टोपणनाव घ्यावे का? कायद्याची काही अडचण येईल का? सोबत तीन प्रकरणे पाठवत आहे.

ता. क. नायिकेची आई मी शिक्षिका दाखवली आहे. माझी आई प्रत्यक्षात प्रभात रस्त्यावरच दोन घरी पोळ्यांना जात असे. सासरी हे कोणाला माहीत नाही, आणि कथानकाला त्याची गरजही वाटली नाही."

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमची तीनही प्रकरणे दोनदा वाचली. पहिल्या वाचनात सासूचा राग आला. दुसऱ्या वाचनात सासू समजू लागली आणि नायिकेविषयीच शंका येऊ लागली. कादंबरीत असे होणे वाईट नाही, पण तुम्ही ते मुद्दाम केलेले नसावे. तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरे मी देणारच आहे. मात्र तुमच्या पत्रातला महत्त्वाचा मजकूर ताजा कलमात जाऊन बसला आहे, म्हणून सुरुवात तिथून करते.

कथानकाला गरज वाटली नाही, असे तुम्ही म्हणता. तुमच्याच पहिल्या प्रकरणातला मुलगी पाहण्याचा प्रसंग पुन्हा वाचून पाहा. पाहुणे जेवायला बसले आहेत, मुलीची आई आग्रह करून वाढते आहे, होणारी सासू पोळीचा पदर बोटांनी सोडवते आणि म्हणते, "घडी काय सुरेख सुटली आहे. सवयीचा हात दिसतो." या वाक्याने नायिकेच्या कानशिलात झिणझिण्या येतात, आईचा चेहरा उतरतो आणि पुढची दोन पाने नायिका त्या अपमानाचा विचार करत राहते. हस्तलिखिताच्या समासात मी इथे प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते, कारण एका शिक्षिकेच्या पोळ्यांना कोणी सवयीचा हात म्हटले तर तिने चेहरा का पाडावा, हे मला काही केल्या कळेना. ते ताजा कलम वाचल्यावर कळले. वाक्य खऱ्या आयुष्यातले आहे आणि आई बनवलेली आहे, त्यामुळे जखम पानावर आली आणि काटा घरीच राहिला.

तुम्ही आईला शिक्षिका का केले असेल, याचा मी तर्क करू शकते. शिक्षिका म्हणजे गरीब, पण मानाची. ती प्रभात रस्त्याच्या बंगल्यात आली तरी पुढच्या दाराने येते. पोळ्यांच्या बाई मागच्या दाराने येतात, चपला मोरीपाशी काढतात, परातीतली कणीक तिंबून झाकून ठेवतात, तवा तापेपर्यंत पोळपाट पुसून घेतात आणि घरातली माणसे उठून चहाला यायच्या आत तीस पोळ्यांची चवड डब्यात घालून पुढच्या घराची वाट धरतात. त्यांचा हिशेब कॅलेंडरवर असतो. आल्या नाहीत तर त्या दिवसाच्या चौकोनात फुली पडते, तिला खाडा म्हणतात, आणि महिनाअखेरीस खाडे मोजून पैसे हातावर ठेवले जातात. हे सगळे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. हे ज्यांना आतून ठाऊक आहे असे लेखक मराठीत फार थोडे आहेत, आणि तुम्ही नेमके तेच गाळले.

आता जातीविषयी. दोन्ही घरांची जात एकच, म्हणून प्रश्न फक्त पैशाचा आणि राहणीचा होता, असे तुमच्या पत्रात आहे, आणि प्रकरणांतही जात या विषयाला तुम्ही दोन ओळींत निरोप दिला आहे. मला हे उलटे वाटते. पुण्यातल्या जुन्या सुखवस्तू घरांतून स्वयंपाकाला बाई ठेवताना भांडीवालीसाठी विचारला जात नसे असा एक प्रश्न विचारला जाई, आणि तो कशाविषयी असे ते आपण दोघीही जाणतो. तुमच्या आईंना त्या दोन घरांच्या चुलीपर्यंत जाता आले ते जात एक होती म्हणून, आणि काही वर्षांनी तुम्हाला तशाच एका घरात सून म्हणून जाता आले तेही त्याच कारणाने. एकाच दाखल्यावर आईला स्वयंपाकघर मिळाले आणि मुलीला दिवाणखाना. वर्गाविषयीच्या मराठी कादंबरीत यापेक्षा नेमकी जागा मला सुचत नाही, आणि ती तुमच्या घरात आयती पडलेली असताना तुम्ही झोपाळा आणि बकुळीचे झाड यांवर सहा पाने खर्च केली आहेत. (हस्तलिखिते वाचण्याचे काम मी बरीच वर्षे केले. बंगला आला की झोपाळा येतोच, आणि झोपाळा आला की त्याच्या कड्या कुरकुरतातच. तुमच्याही कुरकुरल्या आहेत.)

वस्तीच्या बाबतीतही तुमच्या हाताशी जे आहे ते तुम्ही पुरते वापरलेले नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या एका दिवसाने पुण्यात कोण कुठे राहणार हे पुढच्या दोन-तीन पिढ्यांसाठी ठरवून टाकले. तुमच्या आजोबांचे बिऱ्हाड नारायण पेठेत होते, ते गोखलेनगरला गेले. सासरचा बंगला नदीपासून वर, चढावर होता, तो कोरडा राहिला. गोखलेनगर ते प्रभात रस्ता हे अंतर पायी अर्ध्या-पाऊण तासाचे, आणि तुमच्या आई ते रोज चालत असणार. कादंबरीत पूर एका परिच्छेदात आजीच्या आठवणीसारखा येऊन जातो. तो नायिकेच्या लग्नाचा पाया आहे हे वाचकाला कळायला हवे, कारण पाणी आले नसते तर कदाचित ही दोन घरे एकमेकांना बरोबरीची वाटली असती.

प्रभात रस्त्याच्या नावाविषयीही एक गोष्ट सांगावीशी वाटते, वापरायची की नाही हे तुम्ही ठरवा. हे नाव सिनेमा कंपनीचे आहे. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्या आवारात पुढे १९६० साली शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. सिनेमात काम करणाऱ्या बायकांना त्या काळी घरंदाज वस्तीत कोणत्या नजरेने पाहत हे तुम्ही वाचले असेल. आज मात्र पत्ता सांगताना त्याच कंपनीचे नाव घेताना लोकांची मान जरा ताठ होते. कादंबरीतली सासू पत्ता सांगते त्या प्रसंगाला ही पार्श्वभूमी फार शोभेल.

आता ज्या जागी तुमचे लेखन खरोखर उत्तम झाले आहे तिकडे येते, म्हणजे पान ८७. नायिका चार दिवस माहेरी राहून परत येते. स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कॅलेंडरवर सासूच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे, स्वयंपाकाच्या बाईंचे खाडे आहेत, आणि ती नव्हती त्या चार चौकोनांत बारीक अक्षरात लिहिले आहे, "अर्धा लि. कमी". बस, एवढेच. ती सुनेची अनुपस्थिती आहे, की दुधाचा सरळ साधा हिशेब आहे? सासू कृपण आहे, टापटिपीची आहे, की ती आपल्या परीने सुनेची आठवण नोंदवते आहे? वाचक तिथे थबकतो. पण लगेच तुम्ही खाली तीन ओळी लिहिता: या घरात आपणही एक खाडाच आहोत, माणसाची किंमत इथे लिटरमध्ये होते, वगैरे. त्या तीन ओळी काढून टाका. त्यांत तुम्ही सासूवर निकाल दिला आहे, आणि निकाल लागलेल्या खटल्यात वाचकाला रस उरत नाही. शिवाय, नायिकेची आई जर स्वतःच कोणाच्या तरी कॅलेंडरवर फुलीच्या रूपाने राहिलेली असेल, तर ते चार चौकोन पाहताना नायिकेला काय होईल हे सांगायला तुमची एक ओळही लागणार नाही.

परभाषेतले एक उदाहरण देते, कारण तुमच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. ईडिथ व्हॉर्टन या लेखिकेचा जन्म १८६२ साली न्यूयॉर्कच्या जुन्या श्रीमंत वर्तुळात झाला. त्यांनी 'द एज ऑफ इनोसन्स' ही कादंबरी १९२० मध्ये, म्हणजे तिच्यातला काळ उलटून जवळजवळ पन्नास वर्षे झाल्यावर, फ्रान्समध्ये राहून प्रसिद्ध केली, आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्या कादंबरीच्या शेवटाकडे एक मेजवानी आहे. नवऱ्यापासून दूर झालेल्या एका नातलग स्त्रीला हे वर्तुळ शहरातून घालवून देत असते, आणि त्यासाठी तिला निरोपाचे थाटाचे जेवण दिले जाते. एकही आवाज चढत नाही. सगळे तिच्याशी अत्यंत प्रेमाने बोलतात, आणि नायकाच्या हळूहळू लक्षात येते की टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला सारे काही ठाऊक आहे आणि निर्णय केव्हाच झालेला आहे. तुम्हाला सासरी कोणी वाकडा शब्द बोलले नाही, हे तुमच्या पत्रातले वाक्य वाचताना मला ते जेवण आठवले. मात्र तिसऱ्या प्रकरणात तुमची सासू चक्क ओरडते, नायिकेच्या माहेरचा उद्धार करते. तुमच्या सासूबाई कधी ओरडल्या नाहीत, मग ही का ओरडते? वाचकाला ती वाईट आहे हे पटावे म्हणून ना? सौजन्याने माणसाला बाहेर कसे ठेवले जाते हे तुम्ही १६ वर्षे पाहिले आहे. तेच लिहा, आरडाओरडा इतर पुष्कळ कादंबऱ्यांत मिळतो.

याहून मोठा अन्याय तुम्ही नणंदेवर केला आहे. तुमच्या कादंबरीतली नणंद हावरट आहे, आयत्या वेळी येऊन सही अडवते आणि भावाच्या संसारावर उठते. तुम्ही कायद्याची अडचण विचारली आहे ती बदनामीपुरती, पण कादंबरीला खरी गरज वारसा कायद्याची आहे, म्हणून तो थोडा सांगते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. पुरुषाच्या स्वतःच्या नावावरची मालमत्ता असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला असेल, तर त्याची आई, पत्नी, मुलगे आणि मुली सारख्या हिश्श्याचे वारस होतात. तुमच्या सासऱ्यांच्या आई आधीच गेल्या असतील, तर सासूबाई, तुमचे यजमान आणि नणंद यांचा प्रत्येकी एक तृतीयांश, इतके ते सोपे आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. परंतु बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा त्याआधी पन्नास वर्षांपासून होताच. म्हणजे तुमची नणंद कोणाचे काही मागत नाही. तिचे जे आहे ते सोडून देण्याचा कागद तिच्यापुढे ठेवला गेला आहे आणि ती नाही म्हणते आहे. अशा कागदाला आपण प्रेमाने हक्कसोडपत्र म्हणतो, राखी आणि भाऊबीज यांच्या मधल्या एखाद्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन त्याची नोंदणी करतो, आणि परतताना भाऊ बहिणीला साडी घेतो.

विकसकाशी होणाऱ्या करारनाम्यात तुमचे नाव नाही याचे तुम्हाला वाईट वाटते, हे मी पत्रातून वाचले, जरी तुम्ही ते लिहिलेले नाही. नवरा हयात असताना सून सासऱ्यांच्या वारसांत येतच नाही, त्यामुळे तिथे तुमचे नाव असण्याचे कारण नाही. (गोव्यात गोष्ट निराळी आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि घर विकताना दोघांच्या सह्या लागतात. आपल्याकडे मंगळसूत्राबरोबर सातबारा येत नाही.) पण तुम्ही स्वतःच कंसात लिहिले आहे की भावाने मागितली तेव्हा तुम्ही माहेरच्या घरासाठी न विचारता सही करून दिली. ते तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. मला त्या कंसात कादंबरीचे एक अख्खे प्रकरण दिसते. गोखलेनगरच्या लहान घरातला वाटा सोडणारी एक मुलगी आणि प्रभात रस्त्यावरच्या बंगल्यातला वाटा न सोडणारी दुसरी, दोघींच्या पुढे शब्दशः एकच कागद. गरीब घरची मुलगी सही करते, कारण सही न करणे ही चैन तिला परवडत नाही. माहेरचे दार बंद झाले तर तिला दुसरे दार नाही. श्रीमंत घरची मुलगी नाही म्हणू शकते. आणि नाही म्हणू शकलेल्या तिचा तुमच्या नायिकेला जो राग येतो तो खरोखर तिच्या हावरटपणाचा आहे का, हे नायिकेला एकदा तरी विचारू द्या. ही दोन पाने समोरासमोर आली, तर कादंबरीला कणा येईल.

आता तुमचे तीन प्रश्न. त्यांना इतका उशीर झाला याबद्दल रागावू नका.

टोपणनाव घेऊन घरातल्या माणसांपासून काहीही लपत नाही. ते लपते फक्त अनोळखी वाचकांपासून, आणि त्यांना तुमच्या सासूबाईंशी कर्तव्य नाही. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला तेव्हा पुण्यात केवढी खळबळ उडाली होती, आणि ही बाई कोण याचे तर्क किती दिवस चालले होते, हे मराठी वाचकांना माहीत आहे. मालतीबाई बेडेकरांना त्या काळात त्या नावाची गरज होती, आणि तरीही खरे नाव पुढे उघड झालेच. तुमची गरज तशी नाही. तुम्हाला जे लपवायचे आहे ते सासरचे नाही, आणि ते टोपणनावाने नव्हे तर एका व्यवसायबदलाने तुम्ही आधीच लपवले आहे. आईंची परवानगी मिळाली तर स्वतःच्या नावाने लिहा, नाही मिळाली तर मात्र टोपणनावाचा विचार आईंसाठी करा.

कायद्याचे थोडक्यात सांगते, आणि छापण्यापूर्वी एखाद्या वकिलांना हस्तलिखित दाखवा असे आग्रहाने सांगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचे कलम ३५६ आहे. त्यात दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण दोन गैरसमज काढून टाका. पहिला यजमानांचा: बंगल्याचे नाव बदलून काही होत नाही. गल्ली, झाड, नणंदेचे गाव, सासऱ्यांचा व्यवसाय, विकसकाशी चाललेली बोलणी हे सगळे तसेच राहिले तर कोणत्याही परिचिताला घर ओळखू येईल, आणि ओळख पटणे हाच मुद्दा असतो. दुसरा बहुतेक लेखकांचा: खरे आहे म्हणजे झाले, असे फौजदारी कायद्यात नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. दिवंगत व्यक्तीविषयीचे लेखनसुद्धा, कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेले असेल तर, त्यात येऊ शकते. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात सासऱ्यांच्या व्यवहारांविषयी जो ऐकीव मजकूर आहे तो म्हणूनच काढावा. तसाही तो कादंबरीत उपरा वाटतो. ओरडणारी सासू आणि हावरट नणंद ही दोन पात्रे सुधारलीत, तर वकिलांचे अर्धे काम तुम्हीच केलेले असेल, कारण माणूस पुरता उभा राहिला की त्याची बदनामी होणे अवघड जाते.

सासूबाईंना हस्तलिखित द्यावे का? द्यावे, पण आज नाही, आणि परवानगीसाठी तर मुळीच नाही. नव्याने लिहून झाल्यावर, छपाईला जाण्यापूर्वी, पूर्ण प्रत त्यांच्या हातात द्या आणि त्यांना महिनाभर वेळ द्या. सकाळी कमला नेहरू पार्कात फिरायला गेल्यावर त्यांना हे दुसऱ्या कोणाकडून कळावे, हे त्यांच्या वयाला आणि तुमच्या १६ वर्षांना शोभणार नाही. त्या म्हणतील ते सगळे वहीत लिहून घ्या. तपशिलाच्या चुका त्या नक्की काढतील, त्या दुरुस्त करा. मजकूर गाळायला सांगतील तिथे का ते विचारा, आणि मग स्वतः ठरवा. यजमानांना मात्र एक गोष्ट आधी सांगून टाका, की त्यांच्या बहिणीचे पात्र बदलते आहे. ते ऐकून त्यांचा चेहरा कसा होतो ते पाहण्यासारखे असेल, आणि बंगल्याचे नाव बदल असे म्हणून मोकळा होणारा हा माणूस तुमच्या कादंबरीत जवळजवळ कुठेच का नाही, याचेही उत्तर त्यात मिळू शकेल. लग्नाविषयीच्या कादंबरीत नवरा तीन प्रकरणांत मिळून अकरा वाक्ये बोलतो. मी मोजली.

या सगळ्याच्या आधी गोखलेनगरला जा. आईंना सांगा की कादंबरीतल्या आईला तुम्ही शिक्षिका केले होते आणि आता ती पोळ्या लाटणार आहे. त्यांना हे आवडेलच असे नाही. मुलीच्या सासरी हे कळू नये म्हणून त्यांनी स्वतः १६ वर्षे तोंड मिटून ठेवले असेल, तर तो त्यांचा निर्णय आहे आणि तुमच्या साहित्यापेक्षा मोठा आहे. त्या नको म्हणाल्या तर कादंबरी थांबवा किंवा दुसऱ्या रीतीने लिहा, पण शिक्षिका तेवढी परत आणू नका.

आणि त्या हो म्हणाल्या, तर एक गोष्ट विचारून घ्या. प्रभात रस्त्यावरची दोन घरे म्हणता, ती कोणत्या गल्लीतली, कोणाची, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि बहुधा आईंना कधी विचारलेलेही नाही. पुण्यातल्या अशा घरांचा आपापसांत घरोबा असतो, एकाकडच्या पोळ्या दुसऱ्याकडच्या बारशाला आणि मुंजीला जातात. मुलगी पाहायला आलेल्या तुमच्या सासूबाईंनी पोळीचा पदर सोडवून "सवयीचा हात दिसतो" असे जे म्हटले, त्यात टोमणा होता असे तुम्ही १६ वर्षे धरून चालला आहात. त्यांना तो हात ओळखीचा वाटला असेल, आणि ओळखूनही त्यांनी त्या दिवशी होकार दिला असेल, ही शक्यता मला पहिल्या प्रकरणापासून सोडत नाही. आधी आईंना गल्ली विचारा. सासूबाईंना काय विचारायचे ते त्यानंतर ठरवता येईल.